नदी चढायच्या आत जमिनीवरून उठायला शिका

कोल्हापूरकरहो, आणि विशेष करून चिखली, आंबेवाडी, सुतारवाडा, दुधाळी आणि खाली शिरोळ-कुरुंदवाडपर्यंतच्या मंडळींनो, मृग तोंडावर आला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतात. जुलै निम्मा सरला की सकाळच्या चहाआधीच विचारणा सुरू होते, "किती फूट झालं?" त्या विचारणेला अजून साधारण सहा आठवडे आहेत. तेवढ्या दिवसांत आपल्या घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत, एवढ्यासाठीच हे आवाहन. हाताचा रेटा न देता खुर्चीवरून उठणं ही पहिली. जमिनीवर बसून, स्टुलाचा आधार घेऊन का होईना, स्वतःचं स्वतः उठणं ही दुसरी.

पुराचा आणि उठाबशांचा काय संबंध, असं वाटत असेल तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवा. दोन्ही वेळा बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली आणि आंबेवाडीतली घरंच्या घरं बोटींनी बाहेर काढावी लागली. बोटीत चढणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. पायाखाली चिखल, कमरेला पाणी, समोर हलणारा काठ. एका पायावर क्षणभर तोल सांभाळायचा, दुसरा पाय मांडीच्या उंचीपर्यंत उचलायचा आणि दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढायचं. तरण्या माणसाला यात काही वाटत नाही. साठीच्या बाईला, जिनं दहा वर्षांत पायरीपेक्षा उंच काही चढलेलं नाही, तिला चार जणांनी उचलून ठेवावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचं म्हटलं तरी हेच.

आणि खरी परीक्षा पुढंच असते. निवारा म्हणजे शाळा नाहीतर मंगल कार्यालय. तिथं सतरंजी जमिनीवर, जेवणाची पंगत जमिनीवर, झोप जमिनीवर आणि संडास उकिडवं बसायचा. घरी कमोड, पलंग आणि डायनिंग टेबल यांवर सगळा दिवस निभावणारं माणूस तिथं अडकून पडतं. रात्री उठायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच कमी पितात. कुणाला सांगतही नाहीत. "तुम्ही जावा, मी हितंच माळ्यावर बसतो" असं एखादा आबा हट्टानं म्हणतो, तेव्हा घरादाराची आणि जनावरांची ओढ असतेच. पण मला शंका येते की त्या हट्टाच्या पोटात निम्मा भाग परक्या ठिकाणी उठता येणार नाही या लाजेचा असतो. लाज कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती कुठल्याच आपत्ती आराखड्यात येत नाही.

ज्यांच्या दारात पाणी येत नाही, त्यांनी हे वाचून पान उलटू नये. पावसाळा त्यांनाही बसवतो. रंकाळ्यावरच्या फेऱ्या थांबतात, शिवाजी विद्यापीठाकडं सकाळी चालायला जाणारे गायब होतात, आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत माणूस टीव्हीसमोर भजी खात बसतो. तिशी-चाळिशीनंतर, काहीच केलं नाही तर, दर दहा वर्षांत स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के ऐवज झिजतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पासष्टीपुढच्या माणसांत दर वर्षी निदान चारातला एक जण तरी कुठं ना कुठं पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओल्या फरशीवर, शेवाळलेल्या अंगणात, न्हाणीत. पडल्यावर हाड मोडलं नाही तरी उठता न आल्यानं तासन् तास गारठ्यात पडून राहणं, हेच पुष्कळदा जास्त महागात पडतं.

आपण इथवर आलो कसे, त्याला कुणाचा आळस जबाबदार नाही. घर जमिनीवरून खुर्चीवर गेलं. चुलीची जागा ओट्यानं घेतली, जातं परसात पडलं, पाटाच्या जागी टेबल आलं, विहिरीच्या जागी नळ. जुन्या बायका दिवसातून पन्नासदा खाली बसायच्या, उठायच्या, म्हणून त्यांच्या मांड्यांत बळ होतं. त्याच कष्टांनी त्यांच्या कमरांची वाटही लावली, तेव्हा ते दिवस परत आणा असं म्हणणाऱ्याला आधी पहाटे चारला दळायला बसवावं. ओटा राहू दे, नळ राहू दे. फक्त त्या कामांबरोबर जी उठबस गेली, तेवढी दहा-पंधरा मिनिटांपुरती परत घरात आणायची आहे.

त्यासाठी लागणारी विद्या आपल्या गावाला परकी नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत मल्लांच्या पिढ्या घडल्या. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकत या मातीत घुमले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारतासाठी पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकून आले. या सगळ्या ताकदीचा पाया काय होता? जोर, बैठका, नमस्कार. स्वतःच्या अंगाचं वजन आणि पायाखालची जमीन. आज महिन्याचे पैसे भरून जे 'बॉडीवेट ट्रेनिंग' म्हणून विकत घेतलं जातं, ते आपल्या पेठेत पहाटे पाचला फुकट चाललेलं असायचं.

पण ही विद्या तालमीच्या उंबऱ्यातच अडली. बायकांना आत मज्जाव, म्हाताऱ्यांना कट्ट्यावर जागा, आणि बाकीच्या गावानं मैदानात बसून शिट्ट्या मारायच्या. दुसऱ्याच्या मेहनतीचा अभिमान बाळगण्यात आपल्याइतकं तरबेज शहर दुसरं नसेल. शेजारच्या औंधात भवानराव पंतप्रतिनिधींनी मात्र शंभर वर्षांपूर्वी वेगळी वाट धरली. सूर्यनमस्कार त्यांनी शाळांत नेले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि बायकांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. एका छोट्या संस्थानाच्या राजाला त्या काळात जे सुचलं, ते एवढ्या तालमींच्या शहराला अजून नीट जमलेलं नाही.

आता कामाचं. आज संध्याकाळीच घरात एक चाचणी घ्या. हात नसलेली, साधारण दीड फुटाच्या थोडं खाली बैठक येईल अशी टणक खुर्ची भिंतीला टेकवा. प्लास्टिकची घसरणारी नको. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना, आणि पन्नाशी ओलांडली असेल तर स्वतःलाही त्यावर बसवा. हाताची घडी छातीवर, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचं १४ च्या आत आणि बाईचं १२ च्या आत आलं तर पायांतलं बळ वयाच्या मानानं कमी आहे. सत्तरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत हेच आकडे १२ आणि १० आहेत. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही, तर तो आकडा शून्य धरतात. शून्य आलं म्हणून कुणी हिरमुसू नका. ज्याचं शून्य, त्याचंच सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त वाढतं. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसा जाड होत नाही, पण मेंदू आणि स्नायू यांचं जुळतं, आणि होता तो स्नायू कामाला लागतो.

मग रोजची उठबस. तालमीतली बैठक पोरं चवड्यावर, टाचा उचलून, हात झुलवत शेकड्यानं मारतात. ती बघून साठीच्या गुडघ्यानं हुरळून जाऊ नये. आपली बैठक खुर्चीची. टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या दिशेत, पुढं झुकून उठायचं आणि बसताना धपकन न टेकता मनात तीन मोजत खाली यायचं. खाली येणं जितकं सावकाश, तितकं काम जास्त. आठ-दहा झाल्या की दम खायचा, पुन्हा तेवढ्याच. सुरुवातीला हात टेकून, मग एक हात, मग बिनहाताचं. सोपं वाटायला लागलं की बसायची जागा कमी उंचीची करायची: खुर्ची, मग तिच्याहून बुटकं स्टूल, मग पाट ठेवून उंच केलेली पायरी. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्या भरून येतील. भरलेल्या मांडीला घाबरायचं नसतं, वस्तादही तेच सांगतील. एक दिवस आड करा, पण सोडू नका.

जोर मात्र बायकांनी मनावर घ्यावेत असं मला फार वाटतं, कारण आपल्याकडं बाईच्या हातांच्या बळाचा विचार घागर उचलण्यापलीकडं कधी झालाच नाही. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला, अंग फळीसारखं सरळ ठेवून छाती भिंतीकडं न्यायची आणि ढकलून परत यायचं. हा भिंतीवरचा जोर. बारा-पंधरा सहज व्हायला लागले की ओट्याच्या कडेवर हात, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, आणि ज्यांना जमेल त्यांनी जमिनीवर. बोटीच्या काठावर स्वतःला वर रेटतात ते याच बळावर, आणि पडल्यावर जमीन ढकलून उठतात तेही. दूध तापत असताना ओट्याला बोटं टेकवून टाचा वर-खाली करायच्या, मग एका पायावर दहा मोजेपर्यंत उभं राहायचं. दूध उतू गेलं तर दोष माझ्यावर घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी कुणाच्या घरात शिकवलेलं फारसं पाहिलेलं नाही: जमिनीवरून उठणं. याची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती पाठ करण्यासारखी आहे. उताणं पडलेलं माणूस सरळ उठून बसायला जातं, पोट ताणतं, दमतं आणि घाबरतं. तसं करायचं नाही. आधी कुशीवर वळायचं. वरचा हात छातीसमोर जमिनीवर रोवून, खालच्या कोपरावर भार देत अंग उचलायचं. तिथून दोन्ही हात, दोन्ही गुडघे असं चौपायी व्हायचं. थोडं थांबायचं, श्वास घ्यायचा. मग रांगत जवळच्या खुर्चीपाशी, पलंगापाशी किंवा पायरीपाशी जायचं, दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे, ज्या पायात जास्त बळ आहे तो पुढं आणून पाऊल पूर्ण टेकवायचं, आणि हात व पाय मिळून रेटा देत उठायचं. उठल्यावर लगेच चालायचं नाही, वळून खुर्चीवर टेकायचं. खाली बसायचं असेल तेव्हा हेच उलट्या क्रमानं. पहिल्या दिवशी चटई, शेजारी घट्ट खुर्ची आणि सोबतीला घरातलं एक माणूस हवं. त्या माणसानं तोंडानं सांगायचं, हातानं उचलायचं नाही. काखेत हात घालून ओढलं की म्हाताऱ्या खांद्याची वाट लागते. ज्यांचे गुडघे टेकले की दुखतात त्यांनी खाली उशी घ्यावी. आठवड्यातून तीन-चार दिवस, दिवसाला दोन-तीनदा एवढं पुरे. घरातली पोरं या रांगण्यावर हसतील. हसू द्या, त्यांनाही रांगायला लावा. दहावीतल्या पोराला हात न टेकता मांडी घालून खाली बसून उठायला सांगा आणि मग कोण हसतंय ते बघा.

अंग ताणायचं ते शेवटी, गरम झाल्यावर. सकाळी उठल्या उठल्या थंड अंगाला हिसके देऊन पायाचे अंगठे पकडायची खटपट सोडा. भिंतीला हात टेकवून एक पाय मागं, टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणा. खुर्चीच्या कडेवर बसून एक पाय सरळ पुढं, पाठ ताठ ठेवून कमरेतून किंचित वाका. दाराच्या चौकटीला हात लावून छाती उघडा. प्रत्येक ताण तीस सेकंदांच्या आसपास, दोन-दोनदा, झटके न देता. ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. उकिडवं बसता येत नाही अशा बऱ्याच लोकांची अडचण गुडघ्यात नसून घोट्यात आणि पोटरीत असते, एवढं ध्यानात ठेवलंत तरी बरंच साधेल. ज्यांना नमस्कार घालायची सवय आहे त्यांनी ते जरूर चालू ठेवावेत. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी हातांसाठी पायरीचा आधार घेऊन, दोन-चारच घालावेत.

थोडी सावधगिरी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. रेटा देताना श्वास कोंडू नका, मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे तो आपोआप चालू राहतो; रक्तदाब असलेल्यांनी तर हे पाळायलाच हवं. गुडघा बदललेल्यांनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडांचा त्रास असलेल्यांनी खाली वाकण्याआधी आणि जमिनीवर बसण्याआधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दाब, चक्कर, सांध्याला सूज, अशातलं काही झालं तर त्या दिवशी थांबा आणि दवाखान्यात जा. साखरेची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. आणि पुरुषांना एक विनंती: पंधरा उठाबशा काढल्या म्हणून मल्लाचा खुराक सुरू करू नका. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, बदाम आणि तूप हे त्या पोरांच्या चार-चार तासांच्या मेहनतीला पचतं. आपल्याला वाटीभर उसळ, पिठलं, दही, अंडी, एवढं रोजचं ताटात असलं की झालं.

आता तालीम मंडळांकडं वळतो, कारण हे काम घराघरानं एकट्यानं करायचं म्हटलं तर चौथ्या दिवशी बंद पडतं, हे मला माहीत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि पेठापेठांतली बाकी सगळी मंडळं, तुमची नावं तालमीची आणि गर्दी फुटबॉलची. फुटबॉल राहू दे, जोरात राहू दे. पण गणपतीच्या वर्गणीला ज्या दारात तुम्ही जाता, त्याच दारात या महिन्यात एकदा खुर्ची मोजायला जा. गल्लीतल्या साठीपुढच्या माणसांची यादी करा, कोणाचं किती झालं ते लिहा, कोणाला जिना उतरता येत नाही ते लिहा. पाणी आल्यावर कुठल्या घरात किती हात लागतील याची यापेक्षा चांगली यादी कुठल्या कार्यालयाकडं मिळणार नाही. संध्याकाळी हौद रिकामा असेल तर शेजारच्या खोलीत बायकांसाठी अर्धा तास ठेवा. आणि पुढं एखाद्या मावशीला नव्हे, गल्लीतल्याच धडधाकट बाईला उभं करा. तिला एकदा शिकवा, बाकीच्यांना ती शिकवेल. वस्तादांनो, तुमच्या नजरेला पाठीचा बाक आणि गुडघ्याचा कल लांबून कळतो. ती नजर आठवड्यातून एक संध्याकाळ म्हाताऱ्यांना द्या.

बचत गटांच्या बैठका जमिनीवरच होतात. तिथं सुरू होताना आणि संपताना दहा उठाबशा हा सोपा नियम. आशाताई घरोघर जातात, त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादायची नाही, पण त्यांनी नुसतं "खाली बसून उठता येतंय का, काकू?" एवढं विचारलं तरी घरात विषय निघेल. खेळाच्या शिक्षकांनी सुट्टी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांना हा गृहपाठ द्यावा: आजी-आजोबांच्या उठाबशा मोजून वहीत लिहून आणा, आणि गणपतीच्या सुट्टीआधी पुन्हा मोजा.

आणि जर जुलैत नदी चढलीच, तर नदीकाठच्यांनी एवढं करा. ३९ फुटांची बातमी आली की व्यायाम थांबवू नका, निवाऱ्यातही सतरंजीवर चालू ठेवा; आठवडाभर नुसतं पडून राहिलं तरी कमावलेलं झपाट्यानं जातं. निघायचं ते पाणी पायरीला लागायच्या आत, दिवसाउजेडी, पाय ताजे असताना. औषधांच्या पिशवीत चिकटणारी चप्पल टाका आणि जमलं तर घरातलं बुटकं लाकडी स्टूल सोबत घ्या. त्याच्या आधारानं रात्री उठता येतं. बोटीवरच्या जवानाला किंवा शेजारच्या पोराला आधीच सांगा, "माझा उजवा पाय बळकट आहे, तो आधी टाकतो. मला काखेत धरू नको, नुसता कमरेला मागनं हात लाव."